साकु म्हणणारा मतदार

गेल्या अंकात एका मुलानं अब्राहम लिंकनबद्दल विचारलं, त्याला मी सहा ओळींचं उत्तर दिलं, आणि या महिन्यात टपालात अमेरिकाच अमेरिका. खानापूर, निपाणी, चिकोडी, शहापूर, येळ्ळूर. आपल्याकडच्या उसाच्या बिलाबद्दल एक पत्र नाही, व्हाइट हाउसात कोण राहतं याची मात्र सगळ्यांना काळजी. असू दे. एकतीस वर्षं बेळगावात मराठी शाळेत इतिहास शिकवलाय, मुलांची आणि मोठ्यांची ही खोड मला नवी नाही. पाच पत्रं घेते आणि शेवटी माझ्या एका चुकीचं बघते.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्या चहाच्या टपरीवर पैज लागून पंधरा दिवस झाले, निकाल लागत नाही. अमेरिकेत एकाच पक्षानं अध्यक्षाची निवडणूक सलग जास्तीत जास्त किती वेळा जिंकली? मी म्हणतो पाच : रूझवेल्ट चार आणि त्यांच्यामागून ट्रुमन एक. माझा मित्र एसटीत कंडक्टर होता, तो म्हणतोय सहा. पैज एक किलो कुंद्याची आहे. (एक निवृत्त पोस्टमन, खानापूर)

पोस्टमनभाऊ, तुम्ही हरलात. कुंदा आणा.

तुमची पाचाची रांग खरी आहे : १९३२, ३६, ४०, ४४, ४८, सगळ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या. पण तिच्याहून लांब दोन रांगा आहेत आणि दोन्ही सहा-सहाच्या.

पहिली फार जुनी. १८०० साली थॉमस जेफरसन निवडून आले, १८०४ ला पुन्हा तेच. मग जेम्स मॅडिसन दोनदा, जेम्स मन्रो दोनदा. तिघंही व्हर्जिनियाचे जमीनदार. पक्षाचं नाव डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन! आज एकमेकांचं तोंड बघत नाहीत ती दोन नावं तेव्हा एकाच पाटीवर होती. समोर फेडरलिस्ट पक्ष होता. १८१२ ला ब्रिटनशी लढाई सुरू झाली, तिला या लोकांनी विरोध केला, आणि १८१४ च्या हिवाळ्यात हार्टफर्ड गावी बैठक भरवून गाऱ्हाण्यांची यादी केली. ती यादी घेऊन त्यांची माणसं राजधानीत पोचतात तर तिथं लढाई संपल्याचा जल्लोष चाललेला. अशी फजिती झाल्यावर पक्ष सावरतो होय? १८१६ ला त्यांच्या उमेदवाराला ३४ इलेक्टोरल मतं (तिकडं राज्याराज्यांतून इलेक्टर नावाचे प्रतिनिधी निवडतात आणि अध्यक्ष त्यांच्या मतांवर ठरतो) पडली, मन्रोंना १८३. १८२० ला तर त्यांनी उमेदवारच उभा केला नाही. मन्रोंच्या विरोधात सगळ्या देशातून एकच मत गेलं, न्यू हॅम्पशायरच्या विल्यम प्लमर नावाच्या इलेक्टरचं. बिनविरोध निवडीचा मान एकट्या जॉर्ज वॉशिंग्टनचाच राहावा म्हणून त्यानं हे केलं, अशी एक गोष्ट आहे. वर्गात रंगवून सांगायला छान, मी कितीतरी बॅचना सांगितली. नंतर वाचनात आलं की त्याला मन्रोंचा कारभारच पसंत नव्हता, बाकी काही नाही. त्या बॅचच्या मुलांनी हे वाचलं तर माफ करावं.

आणि १८२४ ला चार उमेदवार उभे राहिले, चौघंही याच पक्षाचे. अँड्र्यू जॅक्सनना ९९ इलेक्टोरल मतं, जॉन क्विन्सी ॲडम्सना ८४, बाकी दोघांना मिळून ७८. कुणालाच बहुमत नाही, म्हणून निवड प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे तिकडच्या संसदेच्या खालच्या सभागृहाकडे, गेली आणि तिथं दुसऱ्या नंबरचे ॲडम्स अध्यक्ष झाले. हाही विजय त्याच पक्षाचा धरला तर रांग सातची होते. मी धरत नाही. एका वाड्यातले चार भाऊ भांडले आणि वाडा त्यांच्यातल्याच एकाला मिळाला, तर त्याला कुणी निवडणूक जिंकणं म्हणत नाही.

दुसरी रांग रिपब्लिकनांची, १८६० ते १८८०. लिंकन दोनदा, ग्रँट दोनदा, मग हेस, मग गारफिल्ड. ऐकायला दणदणीत वाटते. जवळ जाऊन एकेक मणी हातात घेतला की कळतं, एकही दुसऱ्यासारखा नाही. १८६० ला लिंकनना जेमतेम ४० टक्के मतं होती. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाच वाटली गेली नव्हती. पण डेमोक्रॅटिक पक्ष उत्तर आणि दक्षिण असा चिरलेला, त्यांचे दोन उमेदवार, शिवाय चौथा एक वेगळाच. १८६४ ला तर देशात यादवी चाललेली. बंड करून बाहेर पडलेली अकरा राज्यं त्या मोजणीतच नव्हती. १८६८ ला तीन राज्यं अजून परत घेतलेली नव्हती. १८७२ ला ग्रँटसमोर उभे राहिलेले होरेस ग्रीली हरले आणि इलेक्टर जमायच्या आत वारलेच. म्हणजे मतं पडली ती कुणाला म्हणायची?

१८७६ वर मात्र थांबा. त्या साली सॅम्युअल टिल्डन या डेमोक्रॅटला जनतेची मतं जास्त होती, नुसती जास्त नाहीत तर निम्म्याहून जास्त. पण फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना या तीन राज्यांतून दोन-दोन निकाल आले, दोन्ही पक्ष म्हणतात आम्हीच जिंकलो. शेवटी पंधरा जणांचा आयोग नेमला. आठ रिपब्लिकन, सात डेमोक्रॅट. प्रत्येक वादाचा निकाल किती-कितीनं लागला असेल? आठ विरुद्ध सात. रदरफोर्ड हेस १८५ विरुद्ध १८४ अशा एका मतानं अध्यक्ष झाले. पडद्यामागं जे ठरलं ते त्याहून वाईट. दक्षिणेतल्या उरलेल्या रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं लष्कर १८७७ मध्ये बाजूला काढलं गेलं. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं काळ्या माणसांना जो मताचा हक्क दिला होता तो मग मारहाण करून, मतदानावर कर लावून, वाचता येतं का बघायच्या परीक्षा घेऊन काढून घेतला गेला. तो खऱ्या अर्थानं परत मिळायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. एका विजयाची किंमत किती माणसांनी किती वर्षं भरली बघा.

१८८० ला गारफिल्ड जिंकले तेव्हा नव्वद लाखांहून जास्त मतांत फरक दहा हजारांच्याही आतला. आणि १८८४ ला ग्रोव्हर क्लीव्हलँड या डेमोक्रॅटनं रांग तोडली, तीही न्यूयॉर्क राज्यातल्या हजार-अकराशे मतांनी. तेवढी तर आपल्याकडं एका मोठ्या गावात पडतात.

तर पहिली रांग समोर कुणी उरलं नव्हतं म्हणून लांबली आणि दुसरी समोरच्याचे हात बांधलेले होते म्हणून. कंडक्टरसाहेब जिंकले. पण कुंद्याचा तुकडा तोंडात टाकताना हे त्यांना ऐकवा.

प्रश्न : रूझवेल्ट चार वेळा कसे काय निवडून आले? आता कुणाला तसं करता येईल का? (बी. ए. ची विद्यार्थिनी, निपाणी)

नाही येणार. १९५१ मध्ये मंजूर झालेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीनं कुणाही माणसाला अध्यक्षपदावर दोनदाच निवडून येता येतं. नीट वाच हं : माणसाला बंदी आहे, पक्षाला नाही.

त्याआधी कायदा नव्हता, रिवाज होता. वॉशिंग्टन दोन मुदतींनंतर घरी गेले, म्हणून सगळेच जायचे. ग्रँटना १८८० ला तिसऱ्यांदा उभं राहायचं होतं, पक्षानंच तिकीट दिलं नाही. फ्रँकलिन रूझवेल्टनी १९४० ला तो रिवाज मोडला, कारण युरोपात हिटलरनं फ्रान्स गिळला होता आणि मधेच घोडा बदलायला लोक तयार नव्हते.

पण तू निपाणीची, म्हणून तुला दुसरी गोष्ट सांगते. माझं माहेर निपाणीचं. वडील तंबाखूच्या वखारीत मुनीम. आमच्या वह्या-पुस्तकांनाही तो उग्र वास असायचा. १९८१ ला निपाणीचे तंबाखू उत्पादक भावासाठी हायवेवर येऊन बसले, ते आंदोलन तुझ्या आजोबांना विचार. रूझवेल्ट १९३३ मध्ये खुर्चीवर बसले तेव्हा तिकडच्या शेतकऱ्याची तीच गत होती, माल भरपूर आणि भाव मातीमोल. त्यांनी आल्या आल्या कायदा केला : पीक कमी घ्या, सरकार भरपाई देईल. त्या कायद्यातल्या मुख्य पिकांत गहू, कापूस, मका, भात यांच्या जोडीला तंबाखू होती. सुप्रीम कोर्टानं १९३६ ला तो कायदा उडवला, ते राहू दे; शेतकऱ्याच्या हातात तोवर पैसा पडला होता. त्या साली रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. ५२३ इलेक्टोरल मतं त्यांना, ८ समोरच्याला.

आता पुढचे आकडे बघ. १९४० ला ४४९, १९४४ ला ४३२. एप्रिल १९४५ मध्ये ते गेले, उपाध्यक्ष हॅरी ट्रुमन अध्यक्ष झाले आणि १९४८ ला स्वतः उभे राहिले तेव्हा ३०३. चढ १९३६ पर्यंतच होता, पुढं उतारच. १९४८ ला तर शिकागोच्या एका मोठ्या पेपरनं ‘ड्यूईनी ट्रुमनना हरवलं’ असा मथळा छापूनच टाकला, आणि ट्रुमन तोच अंक दोन्ही हातांत धरून हसत उभे आहेत असा फोटो आहे. पेपरवाल्यांची घाई तेव्हाही होतीच.

प्रश्न : इतकी वर्षं जिंकणारा पक्ष हरतो तरी कसा? आपल्याकडच्या बंडखोरीसारखं तिकडंही असतं का? (एक विणकर, शहापूर)

असतं की! १९१२ साल बघा, तुम्हाला अगदी घरचं वाटेल.

रिपब्लिकन पक्षानं १८९६ पासून चार निवडणुका ओळीनं मारल्या होत्या. थिओडोर रूझवेल्ट (वरच्या रूझवेल्टांचे लांबचे भाऊबंद) पायउतार झाले आणि आपल्या हातानं विल्यम टाफ्टना पुढं केलं. चार वर्षांत दोघांचं फाटलं. १९१२ ला रूझवेल्टनी पुन्हा तिकीट मागितलं, पक्षानं टाफ्टनाच दिलं. रूझवेल्टनी सरळ वेगळा पक्ष काढला आणि स्वतः उभे राहिले. प्रचारात एकानं त्यांच्या छातीवर गोळी झाडली. खिशात घडी घातलेलं जाडजूड भाषण आणि चष्म्याची डबी होती, त्यात गोळीचा जोर गेला. गोळी अंगात, शर्टाला रक्त, आणि या माणसानं तासाच्या वर भाषण केलं. निकाल काय? रूझवेल्टना २७ टक्के मतं, टाफ्टना २३. बेरीज केलीत तर निम्म्याच्या वर जाते. आणि ४२ टक्केवाले वुड्रो विल्सन ४३५ इलेक्टोरल मतं घेऊन अध्यक्ष! टाफ्ट गादीवर बसलेले अध्यक्ष, त्यांना दोन राज्यं मिळाली.

सीमाभागात बसून ही बेरीज करताना मला आकडेमोडीसाठी कागद लागत नाही. २०१३ ला बेंगळूरच्या विधानसभेत महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला एकही नाही, २०२३ लाही नाही. अधिकृत कोण आणि बंडखोर कोण यावर आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर जी रात्र-रात्र भांडणं झालीत, ती टाफ्ट आणि रूझवेल्टनी ऐकली असती तर दोघांनी एकमेकांना चहा पाजला असता.

पण फूट म्हणजे हार, असं सूत्र करू नका. मी केलं होतं, आणि १९४८ नं ते मोडलं. ट्रुमनच्या पक्षातून त्या साली एक नाही, दोन गट फुटले. काळ्या लोकांना हक्क देऊ नका म्हणणारे दक्षिणेतले गोरे एकीकडं गेले आणि चार राज्यं घेऊन गेले. डावीकडचे हेन्री वॉलेस यांच्यामागं. तरी ट्रुमन आले. दोन्ही टोकं सुटल्यावर मधला माणूस लोकांना शहाणा दिसला असावा, असं मला वाटतं.

प्रश्न : १९४८ नंतर एकाच पक्षानं तीनदा ओळीनं जिंकल्याचं एकच उदाहरण आहे असं वाचलं. असं का? पक्ष तेच, पैसा तोच, मग तिसऱ्यांदाच गाडी का अडकते? (निवृत्त बँक कर्मचारी, चिकोडी)

साहेब, या प्रश्नासाठीच खरं तर हे सदर लिहायला बसले.

उदाहरण एकच, बरोबर. रेगन १९८० आणि १९८४ ला, त्यांचे उपाध्यक्ष थोरले जॉर्ज बुश १९८८ ला. खुर्चीवरच्या उपाध्यक्षानं अध्यक्षपद जिंकण्याची गोष्ट १८३६ नंतर तेव्हा घडली, १५२ वर्षांनी. महागाई उतरलेली, रशियाशी अण्वस्त्रांचा करार झालेला, मावळता अध्यक्ष लोकांचा लाडका, आणि समोरचा उमेदवार प्रचारात ढिला. एवढं सगळं एका वेळी जमलं तेव्हा तिसरी खेप पार पडली. १९९२ ला चौथ्या खेपेला त्याच बुशना ३७ टक्क्यांवर थांबावं लागलं.

बाकीच्यांचं बघा. १९६० ला निक्सन तिसऱ्या खेपेला उभे, केनेडींकडून सुमारे एक लाख मतांनी हरले, तेही पावणेसात कोटींहून जास्त मतांत. १९६८ ला हंफ्री, एक टक्क्याच्या आतबाहेर. १९७६ ला फोर्ड, दोन टक्क्यांनी. २००० ला अल गोर, ज्यांना देशात पाच लाखांवर मतं जास्त होती, पण फ्लोरिडात ५३७ मतं कमी पडली. ती मोजणी छत्तीस दिवस चालली आणि सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चारनं संपली. त्या डिसेंबरात आमच्या शाळेत नववीच्या मॉनिटरची निवडणूक होती. एक चिठ्ठी अर्धी फाटलेली निघाली, तर मुलं मला म्हणाली, बाई, फ्लोरिडा करूया का? परत मोजलं. एका मतानं मुलगी निवडून आली.

आणि २०१६. त्या वेळी मी मुलीच्या बाळंतपणासाठी पिट्सबर्गला होते, पेनसिल्वेनियात. ८ नोव्हेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास बेळगावहून आमच्या ह्यांचा फोन : पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, तू डब्यात किती ठेवलेत ते सांग. (डाळीच्या डब्यात. साडेसात हजार. ते त्यांना आजवर माहीत नव्हते.) तो सगळा दिवस मी नोटांच्या काळजीत, आणि रात्री मुलगी-जावई टीव्हीसमोर हबकून बसलेले. शेजारी एक म्हातारबाबा राहायचे, जन्मभर पोलादाच्या कारखान्यात काम केलेले. ओबामांना दोन्ही वेळा मत दिलेलं. दुसऱ्या दिवशी अंगणातली पानं गोळा करताना त्यांना जावयानं विचारलं, या वेळी कुणाला? त्यांनी रेकचा दांडा जमिनीवर टेकला आणि म्हणाले, आठ वर्षं झाली, पुरे. राग नव्हता, द्वेष नव्हता. जेवण झाल्यावर माणूस पानावर हात आडवा धरतो ना, तसं.

मला लगेच आपल्याकडची पंगत आठवली. इथल्या लग्नात अर्धी पंगत मराठी, अर्धी कन्नड. वाढपी होळगी घेऊन येतो. पहिली पानात पडते, माणूस खूश. दुसरी, ‘बरं, वाढ.’ तिसऱ्या वेळी तो नुसता वाकला तरी दोन्ही हात पानावर येतात : ‘साकु, साकु!’ पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, साकु म्हणजे पुरे. होळगी वाईट नसते. वाढप्यावर राग नसतो. पोट भरलेलं असतं, किंवा समोरून भात येताना दिसलेला असतो.

पेनसिल्वेनिया त्या रात्री रिपब्लिकनांकडं गेलं, १९८८ नंतर पहिल्यांदा, सुमारे ४४ हजार मतांनी. हिलरी क्लिंटनना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक होती, तरी त्या हरल्या. कारण तिथं राज्याराज्यांचा हिशेब चालतो. एकूण ५३८ इलेक्टर, २७० पाहिजेत, आणि मेन व नेब्रास्का ही दोन सोडली तर ज्यानं राज्य जिंकलं त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर.

आता वरचे आकडे परत बघा. १९६०, ६८, ७६, २०००, २०१६. पाची वेळा तिसरी खेप मागणारा थोडक्यातच हरला, आणि त्यातल्या दोनदा तर त्याच्याकडं मतं जास्त होती. (२००८ चं सोडा, तेव्हा बँका कोसळत होत्या, मॅकेननी काय करायचं?) म्हणजे सगळी पंगत एका सुरात साकु म्हणत नाही. अर्धी पंगत अजून वाढ म्हणत असते. दोन-चार पानांवर हात येतात आणि तेवढ्यानं वाढप्याला वळावं लागतं. तुमचा ‘का’ इथं आहे. ठाम माणसं कधीच हलत नाहीत. पिट्सबर्गच्या बाबांसारखी थोडी हलतात. शिवाय बाविसाव्या दुरुस्तीमुळं ज्याच्या नावावर दोनदा मतं मिळाली तो माणूसच तिसऱ्यांदा उभा राहू शकत नाही. आचारी बदललेला असतो, आणि चव तीच म्हणून सांगत हिंडावं लागतं.

आणखी एक. एकाच हातानं माणूस दोन वेगळ्या गोष्टी वाढून घेतो. १९७२ ला निक्सननी ४९ राज्यं जिंकली, १९८४ ला रेगननी ४९. दोन्ही वेळा प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांकडं राहिलं; १९५५ ते १९९५ सलग चाळीस वर्षं ते त्यांच्याचकडं होतं. तेव्हा व्हाइट हाउसची रांग मोजून ‘या पक्षाचं राज्य’ म्हणणाऱ्यांवर मी फार विश्वास ठेवत नाही.

हल्ली मात्र तिसरी खेप राहू दे, दुसरीच मिळेना. २०१६, २०२०, २०२४, तिन्ही वेळा खुर्चीवरचा पक्ष गेला. असं ओळीनं व्हायला मागं १८८४ ते १८९६ पर्यंत जावं लागतं. तेव्हाच्या क्लीव्हलँडसारखेच ट्रम्पही मधे चार वर्षं बाहेर राहून परत आले. आपल्या कर्नाटकाला यात नवल वाटू नये. १९५७ ते १९७८ पाच विधानसभा निवडणुका काँग्रेसनं ओळीनं जिंकल्या, आणि १९८५ ला रामकृष्ण हेगडे परत आले त्यानंतर आजपर्यंत इथल्या मतदारानं एकाही सत्ताधारी पक्षाला परत बसवलेलं नाही. साकु हा शब्द कन्नडच आहे म्हटल्यावर!

प्रश्न : एखादं राज्य कायम एकाच पक्षाला मत देतं का? (इयत्ता आठवी, येळ्ळूर)

शाब्बास. व्हर्मांट नावाचं छोटं डोंगराळ राज्य आहे. त्यानं १८५६ पासून १९६० पर्यंत सत्तावीस निवडणुका रिपब्लिकन पक्षालाच मत दिलं. वरच्या गोष्टीत रूझवेल्टना ४६ राज्यं मिळाली ना, उरलेल्या दोघांत व्हर्मांट होतं. टाफ्टना दोन मिळाली, त्यातही व्हर्मांट होतं. आणि तेच राज्य १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतंय. राज्य तिथंच आहे. मधे पक्ष बदलले, की माणसं बदलली? तुझ्या सरांना विचार. ते पाच मिनिटांत उत्तर देऊ लागले तर ते चुकीचं असेल.

आणि माझी चूक. गेल्या अंकातल्या त्या सहा ओळींत मी लिहिलं होतं की लिंकन दोन्ही वेळा रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर निवडून आले. हिंडलग्याच्या एका वाचकांनी पोस्टकार्ड पाठवून कान धरला. त्यांचं बरोबर आहे. १८६४ ला यादवीच्या काळात रिपब्लिकनांनी युद्धाच्या बाजूच्या डेमोक्रॅटांना सोबत घेऊन ‘नॅशनल युनियन’ अशी पाटी लावली होती. लिंकनच्या जोडीला उपाध्यक्ष म्हणून टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन होते, ते जन्माचे डेमोक्रॅट. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनचा खून झाला आणि हे जॉन्सन अध्यक्ष झाले. रिपब्लिकन संसदेशी त्यांचं इतकं वाजलं की १८६८ मध्ये त्यांच्यावर महाभियोग चालला. सिनेटमध्ये ३६ मतं लागत होती, ३५ पडली, ते एका मतानं वाचले.

म्हणजे सहाच्या त्या दुसऱ्या रांगेतला दुसरा मणी रिपब्लिकन म्हणायचा की नाही, हा प्रश्न उरतोच. मी म्हणते म्हणायचा, कारण पाटी बदलली तरी पक्षाची यंत्रणा तीच होती. पण खानापूरच्या टपरीवर हे पोस्टमनभाऊंना कळलं की पैज पुन्हा सुरू होणार. कंडक्टरसाहेब, कुंदा आधी संपवा.